निर्धूर चुलीचा इतिहास : उभारणी, वापर आणि देखभालीचा प्रश्न (१९३४ ते २०२१)

प्रस्तावना

ग्रामीण घराच्या वर्णनात चुलीचा उल्लेख वारंवार येतो. मात्र चुलीचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वाडे, विहिरी, वतने आणि शेतसारा यांची कागदपत्रे दप्तरांत सापडतात. चूल ही घरातील स्त्रीने मातीने घातलेली, वेळोवेळी सारवलेली आणि फुटली की पुन्हा घातलेली वस्तू असल्यामुळे तिची नोंद ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ही स्थिती बदलू लागली. चूल प्रथम विधायक कार्यकर्त्यांच्या, नंतर अभियंत्यांच्या, पुढे शासकीय उद्दिष्टांच्या तक्त्यांत आणि अखेरीस वैद्यकीय संशोधकांच्या टिपणांत अवतरली.

प्रस्तुत लेखात मगनवाडीपासून उज्ज्वला योजनेपर्यंतच्या या वाटचालीचा मागोवा घेतला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे, की निर्धूर चुलीचे यशापयश तिच्या आराखड्यापेक्षा अन्य दोन गोष्टींनी अधिक ठरवले : ती घरात कोणी व कशी बसवली, आणि तिचे धुराडे पुढे कोणी साफ ठेवले. बसवलेल्या चुलींची मोजदाद झाली. चालू राहिलेल्या चुलींची तेवढ्या काटेकोरपणे झाली नाही. या तफावतीची किंमत स्वयंपाकघरात बसणाऱ्या स्त्रियांनी व त्यांच्या कडेवरील मुलांनी मोजली.

१. पारंपरिक चूल : रचना व उपयोग

महाराष्ट्रातील पारंपरिक चूल म्हणजे तीन बाजूंनी बंद, समोर उघडे तोंड असलेली मातीची रचना. अनेक घरांत तिच्या शेजारी वैल असतो. चुलीतील जाळ आतल्या भोकावाटे वैलाखाली पोहोचतो आणि तेथे भात मुरणे, डाळ शिजणे किंवा पाणी तापणे यांसारखी मंद आचेची कामे होतात. म्हणजेच एकाच विस्तवावर दोन भांडी ठेवण्याची कल्पना सुधारकांनी बाहेरून आणलेली नाही. वैलाच्या रूपाने ती आधीपासून घरात होती.

इंधन प्रदेशानुसार बदलत असे. विदर्भात व मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, पश्चिम महाराष्ट्रात बाभळीचे सरपण व उसाचे वाळके चिपाड, कोकणात झावळ्या व जंगलातील काटक्या, आणि सर्वत्र शेणाच्या गोवऱ्या. यांपैकी बरेचसे इंधन हलके, चटकन पेटणारे व सतत आत सारावे लागणारे आहे. त्यामुळे स्वयंपाक करणारी व्यक्ती चुलीपासून दूर जाऊ शकत नाही. जाळ मंदावला की फुंकणी घ्यावी लागते आणि तेवढ्या वेळात चेहरा धुराच्या अगदी जवळ जातो.

धुराचे काही उपयोगही होते, हे नाकारता येत नाही. माळ्यावर ठेवलेल्या धान्याला व टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धुरामुळे कीड कमी लागते. गवती छपरातील किडे पांगतात, पावसाळ्यात घरातील ओल हटते, आणि थंडीत तेच घरातील ऊबेचे ठिकाण असते. धूर बाहेर काढणारी चूल घरात आली तेव्हा या उपयोगांना पर्याय दिला गेला नाही. सुधारित चुलीविषयी ग्रामीण कुटुंबांनी दाखवलेल्या अनास्थेला पुष्कळदा अज्ञान म्हटले गेले. त्या अनास्थेमागे असा व्यवहारही होता.

२. मगनवाडी ते हैदराबाद

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे कार्यवाह होते आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र होते. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन या उद्योगांबरोबरच घर, आहार व स्वच्छता हेही संघाच्या कार्याचे विषय होते. याच वातावरणात ‘मगन चूल’ आकाराला आली आणि १९४० च्या दशकात तिचा प्रसार सुरू झाला. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुराडे ही तिची वैशिष्ट्ये होती. तिच्यासाठी माती वापरावी व ती गावातल्या गावात घडवावी, ही भूमिका कुमारप्पांच्या ग्रामकेंद्री अर्थविचाराशी सुसंगत होती.

दुसरा प्रवाह अभियांत्रिकीचा होता. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली, अनेक भांड्यांची चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये कोट्यवधींसाठी धूरमुक्त स्वयंपाकघरे ही कल्पना मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाच्या गृहसुधारणा उपक्रमांतून निर्धूर चूल खेड्यापाड्यांत पोहोचली.

या दोन्ही प्रवाहांच्या प्रेरणेत एक समान सूत्र आढळते. त्यांच्या दृष्टीने चूल हा प्रथमतः स्त्रीच्या श्रमाचा व घराच्या स्वच्छतेचा प्रश्न होता. इंधनाची बचत हा त्याचा आनुषंगिक लाभ होता. पुढील काळात हा क्रम उलटला.

३. इंधनटंचाई आणि राष्ट्रीय कार्यक्रम

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जेची चर्चा सुरू झाली. १९७५ मध्ये एरिक एकहोम यांनी सरपणाची टंचाई हे ‘दुसरे ऊर्जासंकट’ असल्याचे मांडले. जंगलतोडीचे एक प्रमुख कारण म्हणून चुलीकडे पाहिले जाऊ लागले आणि चुलीच्या सुधारणेचा मुख्य निकष ‘औष्णिक कार्यक्षमता’ हा झाला. औष्णिक कार्यक्षमता म्हणजे जळलेल्या इंधनातील किती उष्णता प्रत्यक्ष भांड्यात पोहोचली याचे प्रमाण. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने विकसित केलेली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ ही या टप्प्यातील महत्त्वाची निर्मिती होय.

१९८२ मध्ये केंद्र शासनात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाला. १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींच्या प्रात्यक्षिकाचा प्रकल्प सुरू झाला आणि लवकरच त्याचे राष्ट्रीय कार्यक्रमात रूपांतर झाले. देशातील सुमारे १२ कोटी कुटुंबांना अशा चुलीची गरज आहे, असा शासकीय अंदाज होता. राज्य शासनाच्या यंत्रणा, खादी व ग्रामोद्योग आयोग आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत २००२ पर्यंत ३ कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. त्यानंतर केंद्राने कार्यक्रम राज्यांकडे सोपवला व राष्ट्रीय स्तरावर तो संपुष्टात आला.

कार्यक्रमाची घडण समजून घेणे येथे आवश्यक आहे. वरून खाली वार्षिक उद्दिष्टे ठरत; चुलीच्या किमतीचा मोठा भाग अनुदानातून येई; आणि चूल बांधणाऱ्या प्रशिक्षित कारागिराला बांधलेल्या चुलींच्या संख्येनुसार मोबदला मिळे. चूल उभी राहिली की कारागिराचे काम संपत असे. सहा महिन्यांनी धुराडे तुंबले तर त्याला बोलावण्याची सोय नव्हती आणि येण्याचे आर्थिक कारणही नव्हते.

४. उभारणी आणि सुरक्षित वापर : तांत्रिक बाजू

देखभालीचा प्रश्न इतका निर्णायक का ठरला, हे समजण्यासाठी धुराड्याच्या चुलीचे कार्य पाहिले पाहिजे. जाळावरून तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते आणि तिच्या जागी तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ नळीच्या उंचीवर व आतील हवेच्या तापमानावर अवलंबून असते. ओढ कमी पडली तर धूर स्वयंपाकघरात उलटतो. प्रमाणाबाहेर झाली तर उष्णता भांड्याला लागण्याआधीच बाहेर जाते व सरपण अधिक लागते. म्हणून चुलीचे तोंड, आतील बोगदा, भांड्याची बैठक आणि नळीचा व्यास यांची मापे परस्परांशी बांधलेली असतात. त्यातील एक माप बदलले तरी संपूर्ण रचना बिघडते. सरपण न फोडता घालता यावे म्हणून तोंड मोठे करणे, किंवा मोठे पातेले बसावे म्हणून बैठक कोरणे, हे घरोघरी होणारे बदल वरकरणी किरकोळ होते. त्यांचा परिणाम मात्र किरकोळ नव्हता.

जागेची निवड ही पहिली पायरी होय. चूल भिंतीलगत, परंतु दाराच्या थेट झोतात येणार नाही अशी असावी लागते. माती, शेण व भुसा यांच्या मिश्रणाने बांधलेली चूल सावकाश वाळू द्यावी लागते; ओली असताना मोठा जाळ केल्यास तिला तडे जातात आणि त्या तड्यांतून धूर झिरपतो. नळी छपराच्या वर सुमारे २ फूट तरी गेली पाहिजे, अन्यथा छपरावरून येणारा वारा धूर खाली दाबतो. पाऊस व उलटा वारा यांपासून संरक्षणासाठी तिच्यावर टोपी लागते. कौलारू छपरातून नळी नेणे तुलनेने सोपे असते, तरी कौलांच्या सांध्यातून गळती होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. गवती छपरात मात्र तापलेली नळी गवताला स्पर्श करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. तेथे नळी भिंतीतून बाहेर काढून छपराच्या कडेपासून दूर वर नेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

वापरातील नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. सरपण वाळलेले व बारीक फोडलेले असावे. ओले लाकूड कमी तापमानाला धुमसते आणि त्याच्या धुरातील डांबरासारखा चिकट अंश काजळीसह नळीच्या आतील बाजूस बसतो. हा थर दोन प्रकारे धोकादायक आहे. तो नळी अरुंद करतो व धूर, तसेच रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू, घरात परत ढकलतो. शिवाय तो स्वतः ज्वलनशील असल्याने नळीतच पेट घेऊ शकतो. म्हणून सरपणाच्या प्रतीनुसार महिन्या-दोन महिन्यांनी, चूल पूर्ण थंड असताना, नळी झाडणे व बोगद्यातील राख काढणे अनिवार्य असते. दुसऱ्या बैठकीवर भांडे नसेल तेव्हा ती झाकून ठेवली नाही, तर त्या भोकातून धूर बाहेर येतो व धुराड्याचा हेतूच विफल होतो. धुराडे असले तरी खिडकी किंवा झरोका बंद करता येत नाही.

येथे एक बाब आजच्या ज्ञानाच्या आधारे नमूद करणे आवश्यक आहे. त्या काळात बसवलेली अनेक धुराडी ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्यांची होती. ॲस्बेस्टॉसचे तंतू कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. जुन्या घरांतील अशा नळ्या कापणे, घासणे किंवा फोडणे धोक्याचे आहे.

हे सर्व नियम कठीण नाहीत. परंतु ते कोणीतरी शिकवावे लागतात. छपरावर चढून नळी झाडणे हे काम सर्वसाधारणपणे स्त्रीचे मानले जात नाही. आणि पुरुष चुलीला आपली जबाबदारी मानत नाही. सारवण, राख काढणे, जाळ घालणे या कामांची परंपरागत वाटणी ठरलेली होती. धुराडे ही घरातील नवी वस्तू असल्याने तिच्या स्वच्छतेची वाटणी कोणत्याच परंपरेने केली नव्हती. तांत्रिक आराखड्यात या सामाजिक पोकळीचा विचार झाला नाही.

५. महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात कार्यक्रमाची अंमलबजावणी प्रामुख्याने जिल्हा परिषद व पंचायत समित्यांच्या यंत्रणेतून झाली. इतर विकासयोजनांप्रमाणे येथेही वर्षअखेरीस उद्दिष्टपूर्तीचा आग्रह असे. तथापि महाराष्ट्राच्या अनुभवाला दुसरी बाजूही आहे. १९९६ मध्ये पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थे’ने, अर्थात ‘आरती’ने, राज्यातील कार्यक्रमाला तांत्रिक साहाय्य दिले. ‘लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाणारी दोन भांड्यांची, धुराड्याची चूल या काळात प्रसार पावली. साच्याच्या साहाय्याने चूल घडवल्यास तिची मापे हुकत नाहीत, हे येथे ध्यानात घेतले गेले. कुंभार व अन्य ग्रामीण कारागिरांना त्यातून व्यवसाय मिळावा, असाही प्रयत्न झाला.

कुंभाराकडून विकत घेतलेली चूल आणि अनुदानातून मिळालेली चूल यांत केवळ किमतीचा फरक नसतो. विकणारा कारागीर त्याच पंचक्रोशीत राहतो. चूल धूर ओकू लागली तर गिऱ्हाईक त्याला जाब विचारू शकते. २००२ नंतर अनुदान थांबल्यावर व्यवसाय म्हणून चूल टिकवण्याचे प्रयत्न राज्यात सुरू राहिले, ते याच सूत्रावर. त्यांचा व्याप राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तुलनेत लहान होता. परंतु चुलीमागे जबाबदार माणूस उभा करण्याची कल्पना त्यांत होती.

६. नाडा आणि चीन : दोन तुलना

याच प्रश्नाची वेगळी उकल अन्यत्र झालेली आढळते. १९८० च्या सुमारास चंडीगडजवळील नाडा या गावी वास्तुरचनाकार मधू सरीन यांनी स्थानिक स्त्रियांबरोबर काम करून ‘नाडा चूल’ विकसित केली. प्रत्येक घरातील भांडी, इंधन व स्वयंपाकाची पद्धत पाहून चूल बांधली जाई आणि बांधणाऱ्या गावातील स्त्रियाच असत. ज्या स्त्रीने चूल बांधली, तिला ती दुरुस्तही करता येत असे. धुराडे का तुंबते हे शेजारणीला तिच्याच भाषेत सांगताही येत असे. हा नमुना पुढे शासकीय कार्यक्रमात गेला तेव्हा आराखडा स्वीकारला गेला. मात्र तो घडवण्याची पद्धत उद्दिष्टांच्या घाईत मागे पडली.

चीनमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत १० कोटींहून अधिक सुधारित चुली बसल्या. तेथे खर्चाचा मुख्य भाग कुटुंबानेच उचलला, निवडक तालुक्यांत काम केंद्रित केले गेले आणि ग्रामीण ऊर्जा-उद्योगांना चुली बनवण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करू दिला गेला. दोन्ही देशांच्या राजकीय रचना भिन्न असल्याने ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी लागेल; परंतु बांधणाऱ्याचा वापरणाऱ्याशी टिकणारा संबंध हा दुवा नाडा व चीन या दोन्हींकडे आढळतो.

७. धूर आणि आरोग्य : उशिरा आलेले भान

धुराने डोळे चुरचुरतात हे प्रत्येक घराला ठाऊक होते. धुराने आयुष्य कमी होते हे मात्र शास्त्रीय पुराव्याने मांडले जाण्यास वेळ लागला. दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुफ्फुसविकारातून उद्भवणाऱ्या हृदयरोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही हा विकार आढळत असल्याने चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले गेले. १९८३ मध्ये कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात येणाऱ्या धुराच्या प्रत्यक्ष मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहरी प्रदूषणापेक्षा ते प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांमधील दीर्घकालीन श्वसनरोगाचा आढावा घेतला व चुलीचा धूर हे त्याचे जगातील प्रमुख कारण असल्याकडे लक्ष वेधले.

१९८३ हे वर्ष येथे अर्थपूर्ण ठरते. गुजरातमधील निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच वर्षी राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. पण प्रकल्पाचे मोजमाप सरपणाच्या बचतीत आणि चुलींच्या संख्येत होत राहिले.

देखभालीच्या प्रश्नाचा सर्वात सविस्तर पुरावा ओडिशातून मिळाला. रेमा हन्ना, एस्थर दुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी तेथील सुमारे २,६०० कुटुंबांतील धुराड्याच्या चुलींचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार पहिल्या वर्षी धुराचे शोषण कमी झाले, पण नंतर तो लाभ नाहीसा झाला. कुटुंबांनी चुली नियमितपणे वापरल्या नाहीत व त्यांची पुरेशी निगाही राखली नाही. प्रयोगशाळेतील चूल आणि दोन वर्षांनंतरची घरातील चूल या वस्तुतः दोन निराळ्या वस्तू असतात, हे यातून स्पष्ट झाले.

८. गॅसच्या काळातील चूल

२००९ मध्ये राष्ट्रीय बायोमास कुकस्टोव्ह उपक्रम आणि २०१४ मध्ये उन्नत चूल्हा अभियान असे दोन प्रयत्न पुन्हा झाले. २०१३ च्या सुधारित भारतीय मानकानुसार नैसर्गिक झोताच्या चुलीस किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीस किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता आवश्यक ठरली. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली व शासकीय धोरणाचा भर चुलीकडून गॅसकडे वळला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते. म्हणजे ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक कुटुंबांचा स्वयंपाक त्या वेळीही प्रामुख्याने चुलीवर किंवा तत्सम इंधनावर होत होता. शिवाय गॅस आलेल्या घरांतही अंघोळीचे पाणी, भाकरी आणि मोठा स्वयंपाक यांसाठी चूल पेटत राहते.

या टप्प्यावर इतिहासाची पुनरावृत्ती होण्याचा संभव दिसतो. निर्धूर चुलीच्या बाबतीत ‘बसवल्या’ हा आकडा यशाचा निदर्शक मानला गेला. गॅसच्या बाबतीत ‘जोडण्या दिल्या’ हा आकडा तीच जागा घेऊ शकतो. दुसरे सिलिंडर घेण्याइतका पैसा हाती आहे का, हा प्रश्न धुराडे कोण झाडणार या प्रश्नाचेच नवे रूप आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मगनवाडी व हैदराबाद येथील आरंभीच्या प्रयत्नांत चूल हा स्त्रीच्या श्रमाचा व स्वच्छतेचा विषय होता. १९७० च्या दशकानंतर ती प्रामुख्याने इंधनबचतीचे साधन ठरली आणि आरोग्याचा विचार दुय्यम झाला.

२. धुराड्याची चूल ही वाटप करण्याची वस्तू नसून घराच्या बांधकामाचा भाग आहे. तिची मापे, जागा व छपरातील वाट घरोघरी पाहूनच ठरवावी लागते.

३. धुराड्याच्या स्वच्छतेची जबाबदारी कुटुंबातील श्रमविभागणीत निश्चित न झाल्याने चुली अकाली निकामी झाल्या. त्याला केवळ लाभार्थींचे अज्ञान कारणीभूत मानणे इतिहासाला धरून होत नाही.

४. जेथे चूल बांधणारी व्यक्ती गावातच होती व वापरणाऱ्याशी तिचा संबंध टिकला, तेथे चुलीच्या टिकण्याची शक्यता वाढली.

५. धुराडे धूर नष्ट करीत नाही. तो घराबाहेर नेते. दाट वस्तीत तो शेजारच्या घरात जातो. त्यामुळे धुराड्याची चूल ही स्वच्छ इंधनाकडे जाणाऱ्या मार्गावरील पायरी समजणे योग्य ठरेल.

चुलीच्या इतिहासाची साधने शासकीय अहवालांपुरती मर्यादित नाहीत. गावोगावच्या घरांत बंद पडलेली धुराडी, बुजवलेल्या बैठका आणि त्यांशेजारी पुन्हा घातलेली जुन्या पद्धतीची चूल हीदेखील साधनेच आहेत. गृहविज्ञान, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास या विभागांनी महाविद्यालयाच्या परिसरातील काही गावांत अशा चुलींची संयुक्त पाहणी हाती घेतल्यास, किती चुली बसल्या यापेक्षा किती टिकल्या व का टिकल्या, या प्रश्नाचे उत्तर त्या चुली वापरणाऱ्या स्त्रियांकडूनच मिळू शकेल.